ओठांतल्या टाचण्या

बाबा : 'हताश' खोड. चार ओळींत तीनदा आलंय.

लेक : मग काय लिहू? दुकान बंद पडल्यावर सात महिने तुम्ही कॉटवर पडून होतात.

बाबा : पडून होतो, तेच लिही ना! 'हताश' म्हणजे तयार कपडा. कुणाच्याही अंगात जातो, नीट कुणालाच बसत नाही. जन्मभर मापाचे कोट शिवले मी. मलाच हा ढगळ शब्द घालतेस?

आई : झालं! आता काखेपासून उसवणार हे तुझी कथा.

लेक : उसवू दे. पाच वाजता मासिकाला पाठवायची आहे, पण बाबा नको म्हणाले तर नाही पाठवणार. आणि बाबा, खाली फक्त माझं नाव नि आडनाव घातलंय. हा शिंपी म्हणजे तुम्ही, हे कुणाला कळायचं नाही.

बाबा : पेन घे. उजवा पाय. मशीन विकलं, पण पायाला कुणी कळवलंच नव्हतं. आडवा पडलो तरी पायडल मारत राहायचा. कॉट कुरकुरायची.

आई : मी उशी ठेवायचे त्याच्यावर. उशीसकट हलायचा मेला!

बाबा : मग अंगठा. कात्रीने पडलेला घट्टा मऊ झाला, सोलून निघाला. खाली गुलाबी कातडी, लहान मुलासारखी. तिच्याकडे बघायची लाज वाटायची. लिहिलंस?

लेक : लिहिते. पण पुढचं वाचलंत ना? 'ते माझ्यावर रागावलेले असत.'

बाबा : तिथेच तर अडलोय. राग कसला?

लेक : मी वर्गात पहिली आले होते. धावत येऊन निकाल तुमच्यापुढे धरला. तुम्ही ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहिलात. बाबांचे ओठ मिटलेले असले की बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत. मी निघून गेले. मग कधी काही दाखवायला आलेच नाही.

बाबा : अगं, ते दुकानातलं! तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या म्हणून.

लेक : ओठ कशासाठी मिटलेत, ते मला काय ठाऊक!

बाबा : त्या दिवशीही होत्या.

लेक : काय?

बाबा : टाचण्या. दुकान गेलं, पण ओठांतून त्या जाईनात. जिभेवर सदा लोखंडाची चव. पाणी प्यायलो तरी तीच. तोंड उघडलं तर एखादी घशात जाईल, असं खरंच वाटायचं. वेडेपणा, पण वाटायचं. तू कागद धरलास. उजवा कोपरा दुमडलेला होता. गणितात अठ्ठ्याण्णव. सगळं वाचलं मी. बोलायला गेलो, आणि...

लेक : बाबा...

बाबा : रडू नकोस, कागद भिजेल.

आई : आणि उठले कधी, तेही लिही. तुझा गणवेश मी दुसऱ्या शिंप्याकडून शिवून आणला तेव्हा.

बाबा : डावा खांदा अर्धा इंच खाली! माझ्या लेकीच्या अंगावर! कसा पडून राहणार? तडक उठलो, म्हटलं, काढ तो.

आई : मीच सांगितलं होतं त्याला, खांदा चुकव म्हणून.

बाबा : तू? वीस वर्षं त्या माणसाला नावं ठेवतोय मी!

आई : ठेवा की. बिचारा नको नको म्हणत होता.

लेक : पाचला दहा मिनिटं आहेत. पाठवू ना, बाबा?

बाबा : 'हताश' काढलास?

लेक : तिन्ही.

बाबा : आणि राग?

लेक : तिथे टाचण्या घातल्या.

बाबा : मग पाठव. आणि खाली नाव पूर्ण लिही. मधलं माझं गाळू नकोस.