बुजलेल्या मेंढरांपुढं

कीर्तनाला निघालो होतो. जतच्या स्टँडवर टाळांची पिशवी मांडीवर घेऊन कडेगावच्या गाडीची वाट बघत होतो, तर मागच्या बाकावर एक मेंढपाळ म्हातारा आणि त्याची बायको बोलत बसली होती.

“आवं, पोरीला पयल्या बाळंतपणाला आणायला चाललोय. मागल्यागत व्याह्यावर वरडू नगा. तुमी बोलून मोकळं व्हता, भोगतीया आपली सोनम.”

“न्हाई वरडत.”

“अन् राग आला तर?”

“आत्ताच आलाय की.”

“मग गप कसं बसलाय?”

“बघत बसलोय त्याच्याकडं. मेंढरं बुजल्यावर मी काय करतो, सुले?”

“काठी टेकून हुबं ऱ्हाता. मला वाटतं, हुब्यानंच झोपला जनू.”

“मागं पळालं की जास्तच बुजत्यात. हुबं ऱ्हायलं की धुरळा उडवून आपसूक थांबत्यात. आत्ता कानशिलं तापल्यात, छाती धडधडतीया. म्हनलं, धडधड बाबा, मी हाय हितं.”

“लय शानं झालाय! कीर्तनाला हुबं ऱ्हावा आता.”

तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन वाजला.

“बोला पावनं... व्हय... आयकलं... तरीबी येतो आमी. च्या पिऊ, बसून बोलू.”

“काय म्हनलं व्याही?”

“पोरीला पाठवत न्हाई, येऊ नगा म्हनलं.”

“आता गं बया! अन् तुमी च्याचं बोलला?”

“ही काठी धर जरा.”

“का वं?”

“हात कापतोय. कापू दे. ऊठ, गाडी लागली.”