स्टॉप म्हणायचा हक्क

तुम्ही क्याप्टनसाहेबाची गोष्ट ऐकायला आलात, पन त्येची सांगायची तर आधी माझी सांगावी लागंल, कारन दोघांचं काम एकच, तोफ. मी सातारा जिल्ह्यातला, कोरेगाव तालुका. आमच्या गावात पोराला मिसरूड फुटलं की पलटनीत जायचं, तसा मीबी गेलो, तोफखान्यात. चोवीस वर्षं नोकरी केली, सुभेदार म्हनून बाहेर पडलो, शेवटची सहा वर्षं रंगरुटांना तोफ शिकवली. डावा कान तिथंच ठेवून आलो, म्हनून जरा उजवीकडं बसा.

आमची मंडळी वारली आनि पोरानं, सुहासनं, मला हिकडं अमेरिकेत, पार्सिपनीला आनलं. दोन हजार एकचा उन्हाळा. आलो आनि सप्टेंबरात त्ये विमानांचं झालं. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासनं माझं पोरगं भ्यालं. कॉम्प्युटरातली नोकरी, ग्रीन कार्डाची फाईल अडकल्याली, रोज घरातनं निघताना सांगायचा, बाबा, बाहेर कुनाशी वाद घालू नका, मोठ्यानं बोलू नका, गप बसा. मी तोफखान्यातला मानूस, मला हळू बोलता येतं का? पन बसलो. दोन वर्षं गप बसलो. पोरगा-सून कामावर, नात शाळेत, आनि मी त्या घरात सोफ्यासारखा.

मग एका रविवारी सुहासच म्हनला, चला बाबा, शेजारच्या गावात जुनी लढाई करून दाखवत्यात. हितली मानसं मोठी हौशी बरं का. पाच दिवस हापिसात बसत्यात आनि सुट्टीला सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे निळे कोट घालून तोफ उडवत्यात, गोळा न्हाई, नुसती बारूद, पन बारूद खरी. मधे दोरी बांधल्याली आनि दोरीमागं बायकापोरं कोल्ड्रिंक पीत उभी.

आता ही तोफ भरत्यात कशी त्ये सांगतो, त्याबिगर समजायचं न्हाई. एक बार झाला की आत बारुदीच्या पिशवीचे जळके तुकडे ऱ्हात्यात, निखारे ऱ्हात्यात. म्हनून वल्ल्या बोळ्याचा दांडा घालून नळी पुसायची. आनि पुसताना, नवी पिशवी आत सारताना, मागं बत्तीचं जे बारीक भोक आसतं त्येच्यावर एकानं अंगठा दाबून धरायचा, चामड्याची टोपी घातल्याला. अंगठा उचलला की वारा आत शिरतो, फुकनीनं चूल फुकावी तसा निखारा फुलतो, आनि समोर दांडा मारनाऱ्याचे हात जात्यात. आमच्या साडेपाच इंची तोफेला अंगठा नव्हता, पन पुसायचं हुतं. न पुसल्यावर काय हुतं त्ये मी एकदा बघितलंय. त्या जवानाच्या आईला पत्र मी लिव्हलं हुतं.

तर त्या दिवशी चार बार झाले, लोक टाळ्या वाजवाय लागले, आनि अंगठेवाला, चांगला दाढीवाला गडी, त्येनं अंगठा उचलून बायकोच्या कॅमेऱ्याला टाटा केला. समोर कॉलेजातली एक पोरगी नवी पिशवी नळीत घालाय लागली हुती.

आमच्यात एक कायदा आसतो. तोफेवर हुकूम एकाचाच चालतो, पन स्टॉप हा शब्द कुनीबी म्हनू शकतो. कालचा रंगरूट का आसंना, धोका दिसला की हात वर करून वरडायचं, आनि कर्नल आसला तरी थांबायचं, का म्हनून त्ये नंतर विचारायचं. मी दोरीखालनं घुसलो, हात वर केला आनि वरडलो, स्टॉप! चोवीस वर्षांचा आवाज हुता, पोरगी जागच्या जागी थांबली.

दोन पहारेकऱ्यांनी मला दंडाला धरलं. सुहास धावत आला, तोंड पांढरं पडल्यालं, म्हनतो, माझे वडील आहेत, म्हातारे आहेत, त्यांना काही कळत नाही. इंग्रजीत म्हनला, पन तेवढं इंग्रजी मला येतं. लई लागलं मनाला.

त्यांचा म्होरक्या म्हंजे इतिहासाचा रिटायर मास्तर. त्येनं नळीत पानी वतलं, आकडा घालून आतलं बाहेर वढलं, तर पिशवीचा काळा तुकडा आला, धूर निघत हुता त्येतनं. मास्तरनं त्यो बघितला, माझ्याकडं बघितलं, आनि पहारेकऱ्यांना म्हनला, सोडा त्यांना.

आठवड्यानं मास्तर घरी आला. सुहासला वाटलं, आता कायतरी केस झाली. पन त्येच्या हातात कागदाचा गठ्ठा, क्याप्टनसाहेबाच्या वहीची झेरॉक्स. घड्याळं दुरुस्त करनाऱ्याचा पोरगा ह्यो क्याप्टन, शाळा थोडी, भूमिती आपली आपन शिकला, ह्यांच्या स्वातंत्र्याच्या लढाईत तोफांवर हुता, एक कान गेला, त्येचाबी डावाच. लढाई संपल्यावर बाकीचे जमिनी घेऊन बसले, आनि ह्यो तोफ कशी भरायची, कोन कसा धरायचा, बारूद कोरडी कशी ठेवायची, त्ये लिवत बसला. कुनी छापलं न्हाई. मेल्यावर लेकीनं वही जपली. मी आख्खा हिवाळा डिक्शनरी घेऊन वाचली, आडलं की नातीला विचारायचं. आनि एका पानावर लिव्हल्यालं, तोफेवरचा सगळ्यात खालचा मानूसबी हात वर करून थांबवू शकतो, आनि अधिकाऱ्यानं त्येचा राग धरू नये. मी उठून उभा ऱ्हायलो आनि त्या कागदाला सलाम केला. लाज कशाची, माझाच साहेब त्यो.

उन्हाळ्यात मला निळा कोट मिळाला आनि अंगठा माझ्याकडं आला. चार वर्षं. बार झाला की लोकांना माझ्या इंग्रजीत क्याप्टनसाहेबाची गोष्ट सांगायचो, आनि लोक ऐकायचे बरं का. सुहास यायचा, पन दोरीपासनं लांब, हाताची घडी घालून.

गेल्या साली काय झालं, मला साखरेचा त्रास, बोटांना मुंग्या येत्यात, कुनाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर कोट जायचा ना. पोरगी पिशवी सारत हुती, तीच, आता शाळेत शिकवती. माझा अंगठा भोकावरच हाय आसं मला वाटत हुतं. तेवढ्यात मागनं आवाज आला, स्टॉप!

वळून बघितलं तर माझा सुहास. दोरीला चिकटून उभा, हात सरळ वर. पहारेकरी त्येच्याकडं निघाला, सगळी गर्दी बघाय लागली, पन ह्येनं हात खाली घेतला न्हाई. मी खाली बघितलं. अंगठा भोकाच्या बाजूला पडला हुता, मला कळलंच नव्हतं.

नळीत पानी वतलं. मी चामड्याची टोपी काढली आनि त्या पोरीच्या हातात दिली. परत येताना गाडी सुहास चालवत हुता. घर आल्यावर सुहास हळूच म्हनला, बाबा, राग आला का? मी म्हनलं, आरं, राग धरू नये आसं साहेबानं लिव्हून ठेवलंय. मग त्यो स्टेअरिंगवर डोकं टेकून रडला, आनि मीबी रडलो, सांगायला कशाला लाजू.

आता मी खुर्ची टाकून बसतो आनि गोष्ट तेवढी सांगतो. कोट ठेवलाय अंगावर. सुहास माझ्या शेजारी, दोरीच्या आत उभा आसतो. तुमचं भलं हुवू दे, पोराबाळांत सुखी ऱ्हावा. आनि माझं सांगताना कुठं चुकत आसंल, तर हात वर करा, मी थांबतो.