पुढच्या खेपेतला कठडा

मुलगी : ‘...थोडक्यात, पाचपैकी साडेचार तारे. हा संच नसेल, तर तुमचं कपाट म्हणजे नुसतं कपाट.’ कसं वाटलं, बाबा?

बाबा : छान. डबा कुठाय?

मुलगी : तुमच्या कोपराखाली.

बाबा : याला सील आहे.

मुलगी : असणारच. नवा आहे.

बाबा : म्हणजे साडेचार तारे तू पुठ्ठ्याला दिलेस.

मुलगी : कुरिअरवाल्याने आठ दिवस लावले, त्याला मी काय करू? कंपनीचं पत्रक होतं, फोटो होते. आणि अंक आज चार वाजता छापायला जातोय. बरं, असं करू. मी काही वाचलं नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. आता डबा उघडू आणि मी तुमच्यादेखत थक्क होते.

बाबा : तो कागद पालथा ठेव.

मुलगी : ठेवला.

बाबा : वेळ?

मुलगी : साडेअकरा.

बाबा : तपासणी सुरू, साडेअकरा. माझी स्टीलची पट्टी आण.

मुलगी : तुम्ही फक्त डबा धरायचाय. फोटोत तुमचे हात चांगले येतात.

बाबा : छत्तीस वर्षं सरकारी निरीक्षक म्हणून कारखाने तपासले मी. आता खेळण्याचा डबा धरू?

मुलगी : खेळणं नाही म्हणायचं. आमच्या संग्राहकांच्या मासिकात हा शब्द वापरला की वर्गणी बंद करतात लोक. ते सिनेमातले अंतराळवीर आहेत ना माझ्याकडे, सहा इंची...

बाबा : आहेत ना. कपाटात ते असतात आणि तुझे कपडे खुर्चीवर.

मुलगी : तर त्यांच्यामागे लावायची ही इंजिनखोली. सत्तावीस नग. खऱ्या एका फुटाला इथे एक इंच.

बाबा : मग हिशेब सोपा आहे. काढ बाहेर.

मुलगी : हा नियंत्रणफलक. ही फिरती खुर्ची, खरंच फिरते. हा कॉफीचा कप. चिकटवूनच आलाय फलकावर.

बाबा : चालू यंत्रावर पेय. लिहून घे.

मुलगी : सिनेमातही तिथेच आहे.

बाबा : तिथेही चूकच होती. पुढे.

मुलगी : पान्ह्यांची पेटी. झाकण उघडतं, आत चार पान्हे. बघा, तांदळाएवढा पान्हा आणि त्यावर माप कोरलंय. आता याला तरी बरं म्हणा.

बाबा : बरं आहे. ते लाल काय?

मुलगी : आग विझवायचं नळकांडं.

बाबा : भिंग दे. ...काटा लाल पट्टीत रंगवलाय.

मुलगी : म्हणजे?

बाबा : म्हणजे रिकामं. कारखान्यात भरलेलं नळकांडं रिकामं झालेलं मी पाहिलंय, पण जन्मतःच रिकामं पहिल्यांदा पाहतोय. लिही.

मुलगी : बाबा, मी हे मुद्दे ‘बारीक निरीक्षण’ म्हणून चौकटीत घालीन. लोकांना आवडेल. पण तारे आपण पाडायचे नाहीत. संपादकांनी स्पष्ट सांगितलंय, हे परीक्षण वेळेवर आणि उत्साहात आलं तर पुढल्या महिन्यापासून परीक्षणाचं पान माझं. माझ्या नावाने. नाहीतर आहेच पुन्हा वाचकांची पत्रं कापत बसणं. तीन वर्षं तेच करतेय.

बाबा : मला ठाऊक आहे. मचाण जोड.

मुलगी : जोडतेय. हे चार पाय, ही फळी, ही शिडी. आता दिसते ना इंजिनखोली? हे मचाण म्हणजे संचाचा जीव. सिनेमात शेवटी कप्तान इथूनच हुकूम सोडतो.

बाबा : उंची सव्वाआठ इंच. म्हणजे सव्वाआठ फूट. मागे कठडा आहे. डावीकडे आहे. उजवीकडे आहे. समोर?

मुलगी : समोर... यात नाही.

बाबा : हरवला?

मुलगी : आलाच नाही. साच्याचं काहीतरी अडलंय.

बाबा : तू काय लिहिलंयस? तो पालथा कागद वाच.

मुलगी : तो कागद आपण ऐकलेला नाही, असं ठरलंय.

बाबा : आता ऐकतो.

मुलगी : ‘मचाणाला चारी बाजूंनी देखणा कठडा.’ पत्रकात तसं होतं, बाबा. मी काल कंपनीच्या माणसाला फोनही केला. फार सज्जन माणूस. म्हणाला, समोरचा कठडा पुढच्या खेपेत येतोय, तुम्ही बिनधास्त चार लिहा. अंक लोकांच्या हातात पडेपर्यंत कठडा डब्यात पडलेला असेल.

बाबा : शब्द दिला?

मुलगी : दिला.

बाबा : आणि तू खाली नाव घातलंस.

मुलगी : एवढ्याशा प्लास्टिकच्या दांडीसाठी तुम्ही असं बघताय, जसं काही मी कुणाचा गळा कापलाय.

बाबा : कप्तानाला वर उभा कर. समोर, कडेला. हुकूम सोडतो तिथे.

मुलगी : केला. बघा, ठाम उभा आहे. पायांना चुंबक आहेत.

बाबा : फळी प्लास्टिकची आहे.

मुलगी : ...हो, ते आहे.

(दार आपटतं. फरशीवर काहीतरी हलकं पडतं.)

आई : काय पडलं?

मुलगी : कप्तान.

आई : मग उचला त्याला. मला टेबल रिकामं हवंय, जेवायची वेळ झाली.

बाबा : कुणी हात लावू नका. जसा आहे तसा राहू दे. खडू कुठाय?

आई : घ्या. आता बाहुल्याचा पंचनामा. अहो, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तुम्हाला.

बाबा : या जागेचा भोगवटादार कोण? म्हणजे जबाबदार माणूस. नोटीस त्याच्यावर बजावावी लागते.

मुलगी : कप्तानच.

बाबा : म्हणजे पडलेलाही तोच आणि नोटीसही त्यालाच. पोच म्हणून सही लागेल.

मुलगी : त्याच्या मुठी उघडत नाहीत. पण त्याच्या डब्यात बदलायचे पंजे आहेत, तीन जोड्या. एक बोट दाखवणारा, एक पिस्तूल धरणारा, एक नुसताच उघडा.

बाबा : पेन धरणारा?

मुलगी : नाही.

बाबा : अख्ख्या यानात लिहिता येणारा हात नाही. लिहून घे.

आई : पिस्तुलाच्या पंजात काडी बसेल. दात कोरायची देते, थांबा. एकदाची सही घ्या आणि टेबल सोडा.

मुलगी : आई, तू तरी.

आई : मी काय, मला सवय आहे. माझ्या बहिणीच्या नव्या घरी पहिल्यांदा गेलो, तर या माणसाने हातात दिलेलं पाणी तसंच ठेवलं आणि गॅलरीत जाऊन कठडा हलवून आला. तेव्हापासून ती यांना ‘आले का कठडेवाले’ म्हणते. तुझ्या कॉलेजात तुला बक्षीस मिळालं, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि हे वरच्या सज्जाकडे बघत होते.

मुलगी : मला वाटायचं, तुमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

आई : सांगा तिला. साबणाच्या कारखान्याचं सांगा. मी बाहेर थांबते, हवं तर.

बाबा : बस तू. तुला पाठ आहे.

मुलगी : काय साबणाचा कारखाना?

बाबा : तू तेव्हा दोन वर्षांची. वार शनिवार. एक मचाण होतं, नऊ फुटांचं. तीन बाजूंनी कठडा. समोरचा सामान चढवायला काढलेला. मॅनेजर म्हणाला, साहेब, सोमवारी सकाळी बसतोय, तुम्ही चार लिहा, उगाच दुसरी खेप कशाला? फार सज्जन माणूस. मी चार लिहिले. खाली सही केली.

मुलगी : आणि बसवलाच नाही.

बाबा : सोमवारी सकाळी आठला बसवला. शब्दाचा पक्का निघाला तो. रविवारी यंत्रं बंद असतात, म्हणून तेलपाणी रविवारी करतात. तेलपाणी करणारा वर चढला होता.

मुलगी : ...वाचला?

बाबा : नाही.

आई : बाकीचंही सांगा. खरं तेच आहे.

बाबा : चौकशीत माझा अहवाल ठेवला समोर. निरीक्षकाची सही, चारी बाजूंनी कठडा. मग तो पडलाच कसा? ज्या अर्थी कठडा होता, त्या अर्थी तो स्वतःच ओलांडून गेला. दोष त्याचा. कागदावर आजही त्याचाच आहे.

मुलगी : तुम्ही सांगितलं नाहीत? की कठडा नव्हता?

बाबा : सांगायला गेलो होतो. मुख्य निरीक्षकसाहेब म्हणाले, सही तुमचीच ना? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग कठडा होता. घरी जा. मी घरी आलो.

आई : आणि दुसऱ्या दिवशीपासून लोकांचे कठडे हलवत सुटले.

मुलगी : मचाण तसंच राहू द्या, मी फोटो काढते. समोरून. उघडी बाजू नीट दिसायला हवी.

बाबा : तुझ्या पानाचं काय?

मुलगी : फोन लावते. तुम्ही दोघं जेवायला बसा. फरशीवर पाय जपून टाका, कप्तान आहे.

आई : बाई, टेबलच नाही, तर बसू कुठे?

मुलगी : ओट्याशी उभ्याने.

आई : बापाची लेक.

*

बाबा : काय म्हणाले?

मुलगी : आधी हसले. मग म्हणाले, एका दांडीसाठी अंक अडवतेस? मी म्हटलं, दांडी नाही, म्हणून अडवतेय. असती तर कशाला अडवला असता? ते म्हणाले, लिही की चार, कोण मोजतंय? म्हटलं, आमच्या घरात मोजतात. शेवटी म्हणाले, पाठव, छापतो, नाहीतर पान पांढरं जाईल. पण पुढल्या महिन्यापासून त्या पानाचं विसर.

बाबा : विसरशील?

मुलगी : नाही. पुढल्या महिन्यात पुन्हा मागेन. त्याच्या पुढल्याही. पत्रं कापता कापता मागत राहीन, कंटाळतील कधीतरी. ऐका. ‘कप, खुर्ची, पान्हे उत्तम. नळकांडं रिकामं. कठडा तीन बाजूंना. चौथा पुढच्या खेपेत येईल असं सांगण्यात आलं. तो आम्ही पाहिलेला नाही. चाचणीत कप्तान एकदा पडला. तारे : कठडा येईपर्यंत राखून ठेवले आहेत.’

आई : एकही नाही दिला?

मुलगी : राखून ठेवलेत, आई. आल्यावर देईन.

बाबा : ‘चाचणीत’ कापून ‘दार आपटल्यामुळे’ घाल. झालं तसं लिही.

आई : म्हणजे मीच का आता आरोपी?

बाबा : दारं आपटणारच. म्हणून तर कठडा असतो. ...बाई, आणखी एक कागद आहे का?

मुलगी : आहे. कप्तानाची नोटीस ना?

बाबा : ती झाली, काडीने सही केलीय त्याने. हा अर्ज आहे. तू लिही. प्रति, माननीय मुख्य निरीक्षक.

मुलगी : बाबा, ते कार्यालय पाडलं ना? तिथे आता गाड्या लावतात.

बाबा : पत्ता तोच घाल. विषय : सही परत मिळणेबाबत.

मुलगी : ...घातला.

बाबा : महोदय. साबण कारखान्याच्या तपासणी अहवालावर मी शनिवारी सायंकाळी पाच वाजता केलेली सही, त्यानंतरचा रविवार उजाडण्यापूर्वी मला परत मिळावी, ही नम्र विनंती.