लिंबू कोणी पिळलं?

आचारी: करपलीय.

बायको: काय करपलंय?

आचारी: भाजी गं. पहिल्या घासालाच करपट वास. लक्ष कुठे होतं तुझं?

बायको: घास तोंडात जायच्या आतच तुमचा निकाल लागलेला असतो. नीट खाऊन तरी बघा.

आचारी: खायचं काय त्यात? आयुष्य गेलं माझं हॉटेलच्या भटारखान्यात, मला करपट कळणार नाही? आणि वर लिंबू पिळलंयस. साखरही आहे. वा! करपलेलं झाकायची ही चलाखी कुणी शिकवली तुला?

बायको: मी नाही लिंबू पिळलं.

आचारी: मग काय भाजीने स्वतःच पिळून घेतलं?

बायको: अहो, घरात लिंबूच नाहीये. बघा हवं तर.

आचारी: बटाट्याची भाजी, करपलेली, त्यावर लिंबू, साखर...

बायको: का थांबलात?

आचारी: आज दुपारी हॉटेलात पातेल्यात भाजी खाली लागली. मालकाशी वाद घालत बसलो, लक्ष गेलं. वरच्या वर भाजी काढून घेतली, लिंबू पिळलं, साखर टाकली, दिली पाठवून बाहेर. म्हटलं, गिऱ्हाईकाला काय कळतंय.

बायको: हं.

आचारी: हं काय? बोल की!

बायको: तुमचीच आहे ती. शेजारच्या काकू कामावरून येताना आणतात, तुमच्या हॉटेलातून. आजच नाही. रोज.

आचारी: रोज? अगं, परवा मी भोपळ्याला नावं ठेवली...

बायको: पचपचीत म्हणालात.

आचारी: आणि ती डाळ?

बायको: गुरांना घालायची का, असं विचारलंत. तीही तुमचीच.

आचारी: छे! मी घरी येतो तेव्हा गॅसवर कढई असते. टोपलीत कांद्याची सालं असतात.

बायको: सालं मी मुद्दाम टाकते. भाजी कढईत ओतून गरम करते, पळी खरकटी करते, आणि पार्सलच्या पिशव्या काकूंच्या कचऱ्यात. स्वतःच्याच स्वयंपाकघरात चोरी करतेय मी. रोज शरमेने मेल्यासारखं होतं.

आचारी: पण कशासाठी हे सगळं?

बायको: वन्सं जेवायला आल्या होत्या, आठवतंय? सगळे ताटावर बसलेले. तुम्ही माझी भाजी चाखलीत, माझ्या हातातून पातेलं काढून घेतलंत आणि परत गॅसवर चढवलंत.

आचारी: जरा चव सुधारावी म्हणून गं...

बायको: वन्सं म्हणाल्या, बरं झालं आमचा दादा घरात आहे. सगळे हसले. मीही हसले, काय करणार? माहेरी गॅसपर्यंत हात पोचत नव्हता तेव्हापासून स्टुलावर उभी राहून शिकले मी. बाबा पातेलं पुसून खायचे माझ्या हातचं. आणि त्या दिवसानंतर मीठ घालताना हात थरथरायला लागला. मग वाटलं, एकदा तरी 'छान झालंय' ऐकावं. म्हणून आणली तुमची भाजी.

आचारी: मी काय म्हणालो?

बायको: मीठ कमी आहे म्हणालात.

आचारी: अरे देवा.

बायको: तेव्हाच कळलं, दोष भाजीत नव्हताच. तरी आणत राहिले. नावं ठेवाल ती तुमच्या हातच्याला ठेवाल, माझ्या नाही.

आचारी: तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस... नाही, नाही. तू कशाला, मीच नाही ठेवली. आपल्या हातची भाजी ओळखता येत नाही, आणि म्हणे आचारी. उद्या कुठल्या तोंडाने झारा हातात धरू?

[तो ताट बाजूला सारतो.]

बायको: उपाशी उठू नका.

आचारी: आणि तू? तूही हेच जेवतेस?

बायको: छे. दुपारी माझ्यापुरतं करते.

आचारी: मग हात?

बायको: घरात कुणी नसलं की नाही थरथरत. गुणगुणत करते.

आचारी: गुणगुणतेस? मी कधी ऐकलं नाही.

बायको: तुम्ही नसता ना.

आचारी: त्यातलं काही उरलंय का?

बायको: आहे वाटीभर. बटाटाच आहे.

आचारी: दे ना.

बायको: नको. तेवढंच राहिलंय माझं, कुणी नावं न ठेवलेलं.

आचारी: बरं. नको देऊस. मी पाव खातो. चुकलं गं माझं. फार चुकलं.

बायको: पाव कालचा आहे, वातड झालाय.

आचारी: असू दे. मला तोच बरा.

बायको: पुरे आता. बसा खाली. आणते... हे घ्या. गार आहे, गरम नाही केलं. आणि बटाटे जरा जास्तच शिजलेत, मीठसुद्धा कदाचित...

आचारी: थांब. आधी चव तर घेऊ दे.