दसऱ्याला मदरबोर्ड

कॉम्प्युटर अपग्रेडचं नाव काढू नका यार माझ्यासमोर! लग्नांचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो मी. जुना प्रोसेसर आणि मदरबोर्ड विकून, साठवलेलं सगळं घालून नवा मदरबोर्ड घेतला. प्रोसेसर मात्र सेकंडहँडच परवडला.

दसऱ्याच्या सकाळी मदरबोर्डचं झाकण काढून ठेवलं आणि अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर आईने पूजा उरकलेली! प्रोसेसर बसतो तिथल्या केसाएवढ्या पिनांवर हळदकुंकू, वर झेंडू दाबून बसवलेला. सगळ्या पिना आडव्या.

बोरीवलीचा दुकानदार म्हणाला, "वाट लागली याची. वॉरंटी विसर."

घरी आलो. आईला एवढंच म्हणालो, "मदरबोर्ड गेला गं."

"बघ," ती म्हणाली, "सकाळीच पूजा केली म्हणून थोडक्यात निभावलं!"