घरच्या माणसाची फाईल

आपल्या दूध संघाचे सन्माननीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळ, आजच्या सत्कारमूर्ती जास्मिन गायकवाड मॅडम, गावोगावचे दूध उत्पादक आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

संगणक विभागाचा प्रमुख म्हणून मॅडमना निरोप देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. दोन चांगले शब्द बोला, असंही मला बजावलं आहे. मॅडमसाठी ते भरपूर आहेत. बाकीच्यांसाठी शोधावे लागतील.

दूध तपासणीचे नियम सारखे बदलतात. दर वेळी संकलन थांबायला नको म्हणून मॅडमनी आपल्यासाठी एक इंटरप्रिटर लिहिला. म्हणजे काय? नव्या नियमांची फाईल ठेवली, की काम चालू असतानाच तो ती आत घेतो, एकेक ओळ वाचतो आणि सांगितलं तसं करतो. सोय मोठी, धोकाही तेवढाच. ओळ शहाण्याने लिहिली की वेड्याने, हे त्याला कुठून कळणार? म्हणून मॅडमनी दारात पहारा बसवला होता. नवी फाईल आधी कालच्या दुधावर चालवून बघायची, निकाल जुळला तरच आत घ्यायची.

आता आपली रीत बघा. संघाच्या फाटकावर परक्याला थांबवतात, पण संचालकांची गाडी लांबून दिसली तरी वॉचमन बांबू वर करतो. तीच रीत आपण यंत्राला शिकवली. अध्यक्ष साहेबांचे भाचे रविराज यांनी पुण्याहून फाईल पाठवली, ती पहाऱ्यात अडकली. साहेब म्हणाले, "पोरगं घरचं हाय. त्याला कशाला दारात उभं करता?" मॅडम नको नको म्हणत असताना पहारा काढायला लावला.

भाचेसाहेबांनी गाय आणि म्हैस यांचे निकष उलटे टाकले होते. दुसऱ्या दिवशी काष्टीच्या केंद्रावर गाईच्या दुधाकडे म्हशीचं फॅट मागितलं गेलं. पडद्यावर उमटलं, पाणी मिसळलेलं. रांगेत पहिल्या होत्या बनुबाई. "मी पानी घातलं न्हाई," एवढंच त्या म्हणत राहिल्या. त्यांचं दूध गटारात ओतलं. मागची अख्खी रांग भेसळखोर ठरली, तेव्हा कुठं कुणाच्या लक्षात आलं.

त्या गटाराचा वास परवडला, अशी बैठक पुढे झाली. इंटरप्रिटर मॅडमचा, म्हणून चूक मॅडमची, असं तिथं ठरलं. राजीनामा मागून घेतला आणि वर ही शाल आणली. मला किळस येते, मंडळी. ज्या हातांनी पहारा काढला तेच हात आता नारळ देणार आहेत.

एक खुलासा करून बसतो. इथे येण्याआधी मी तो पहारा पुन्हा चालू केला. लगेच एक फाईल अडली. भाचेसाहेबांनीच दुरुस्त म्हणून पाठवलेली. गाय जागेवर आली आहे, या वेळी म्हैस गायब आहे. अध्यक्ष साहेब, पहारा काढायचाच असेल तर उद्याच्या संकलनाआधी, आत्ता इथं सांगा. बनुबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या देखत सांगा.

मॅडम, चूक तुमची नव्हती. हे विभागप्रमुख म्हणून भर सभेत सांगतो.

आयोजकांचे, मांडववाल्यांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात उणं पडलं असेल, तर पदरात घ्या. बाकी जे बोललो, त्याची माफी मी मागत नाही.