मराठीखाली मराठी

तुम्ही हसाल, पण नर्सरीच्या मॅडमनी मला बजावलं, "तुमची मुलगी 'मले' म्हणते. घरी शुद्ध बोला." मी पडले घाबरट. सरकारी चॅनेलवर आठवडाभर माहितीपट आणि लोककलेचे कार्यक्रम होते, शुद्ध मराठी कानावर पडावं म्हणून तेच रोज पोरीला दाखवायला लागले. एकदा आमच्याच बाभुळगावकडच्या, कापूस वेचताना गाणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "मले गानं कोनी शिकवलं नाई." खाली पट्टी उमटली : 'मला गाणे कोणी शिकवले नाही.'

सासूबाई भडकल्या. "काहून वं, मराठीखाली मराठी लिहून राह्यले? बाई काय इंग्रजीत बोलून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा तेच ऐकवलं. या वेळी मी म्हणाले, "मॅडम, पोरगी 'मले'च म्हणन. तुमाले समजलं नाई, तं मी खाली लिहून देत जाईन."